मेपलचं पान कुठून आणू? (घरी शिक्षण, निसर्ग आणि माझी उडालेली धांदल)

वारज्याची_आई

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मुलगा पावणेसात वर्षांचा. दिवाळीनंतर शाळेतून काढला. कारण एका वाक्यात सांगते, त्यावर चर्चा नको: त्याचं पोट रोज सकाळी दुखायचं आणि रविवारी दुखायचं नाही.

घरी शिकवायचं ठरल्यावर मी झपाटल्यासारखं वाचलं. मूल म्हणजे नुसतं डोकं नव्हे, त्याला हातपाय आहेत, मन आहे, कुतूहल आहे, आणि हे सगळं एकत्र वाढायचं तर त्याला मोकळ्यावर सोडा, हे मला मनापासून पटलं. मग त्याच भरात एका परदेशी संस्थेचा वर्षभराचा निसर्गाधारित अभ्यासक्रम विकत घेतला. साडेअकरा हजार रुपये. कलर प्रिंट आणि स्पायरल बाइंडिंगचे वेगळे.

आता मार्च चालू आहे. अभ्यासक्रमात मार्चला काय आहे? बर्फ वितळतो, मेपलच्या खोडाला भोक पाडून रस काढतात आणि वसंताचा पहिला रॉबिन अंगणात येतो. वारज्यात पारा ३७ वर आणि अंगणात सोसायटीच्या दुचाक्या. ‘मेपलचं पान कागदाखाली ठेवून वरून क्रेयॉन घासा’ असा एक उपक्रम होता. मी काय करावं? मेपलच्या पानाचं चित्र प्रिंट करून दिलं. लेकाने निमूट रंगवलं आणि विचारलं, "आई, हे झाड कुठल्या विंगजवळ आहे?"

फ्रिजवर वेळापत्रक लावलंय. नऊला भाषा, पावणेदहाला गणित, सव्वाअकराला निसर्ग. परवा सव्वाअकराच्या उन्हात आम्ही दोघं वही-पेन्सिल घेऊन खाली उभे होतो. दहा मिनिटांनी तो म्हणाला, "आई, निसर्ग झाला का? आता खेळायला जाऊ?"

तेव्हापासून डोक्यात तेच घुमतंय. मी शाळाच घरी आणून ठेवलीय का? जे लोक खरंच असं शिकवतात त्यांचा दिवस कसा जातो? गणिताचं काय करता? कायद्याचं आणि दहावीचं काय? सासूबाई रोज विचारतात, "मग ह्याला पहिली पास कोण म्हणणार?" त्यांना काय सांगू, तेही सुचवा. नवरा बाजूने आहे, पण तो रात्री आठला येतो. बाजूने असणं सोपं पडतं त्याला.

टवाळखोर

मेपल नसेल तर पिंपळ घासा. शिरा जास्त छान उठतात. साडेअकरा हजारांतले निम्मे मला पाठवा.

माजी_गुरुजी

ताई, मी ३४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांवर काढली, शेवटची ९ सातारा जिल्ह्यातल्या एका वाडीवर. तेव्हा माझं मत शाळेकडे झुकलेलं असणार हे धरून वाचा.

निसर्गातून शिक्षण ही कल्पना तुम्हाला साता समुद्रापलीकडून का मागवावी लागली याचं वाईट वाटलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारल्यांची पोरं शाळेत येईनात, कारण ती गुरांमागे जायची. मग या बायका कुरणात गेल्या. कुरणशाळा हा शब्द तिथलाच. मोजायला बिया, शंख, चिंचोके. चित्र काढायला पानं आणि माती. महागडं साहित्य परवडणार नाही, तेव्हा भोवताली जे आहे त्याचंच साहित्य करायचं. मी नोकरीला लागलो तेव्हा एका शिबिरात हे ऐकलं आणि आमच्या ओढ्यावर वर्ग न्यायला लागलो. साहेब तपासणीला आले आणि वर्ग रिकामा सापडला, त्याचा मेमोही मिळालाय.

पण एक लक्षात घ्या. त्या कुरणात पंधरा-वीस पोरं असायची. एकाला खेकडा सापडला की दुसरा म्हणायचा मादी आहे, तिसरा म्हणायचा नाही, आणि भांडणातून शिक्षण व्हायचं. तुमचा मुलगा आईबरोबर एकटा वही घेऊन उभा आहे. अख्खं मूल म्हणता ना? मग त्यात भांडण, रुसवा, वाटणी, आपला नंबर येईपर्यंत थांबणं हेही आलं. ते आईकडून शिकता येत नाही. आई पडतं घेते.

शाळेत परत घालायचं झालं तर दार बंद नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे सहा वर्षांवरील मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. सासूबाईंना हे सांगा. पहिली कोणी पास केली नाही म्हणून पोर पहिलीतच अडकून पडत नाही.

बांधावरून

वारजेताई, तुमचं ‘निसर्ग झाला का’ वाचून हसू आलं आणि मग माझंच पहिलं वर्ष आठवून हसू पळालं.

आम्ही भोरजवळच्या गावात राहतो. मुलगी ११, मुलगा ८. दोघं शाळेत गेले नाहीत. नवऱ्याची शिरवळला शिफ्ट ड्युटी, मी घर, दोन म्हशी, थोडा भात आणि ही दोघं. गावात असल्यामुळे आमच्याकडे निसर्ग फुकट आहे असं शहरातल्यांना वाटतं. फुकट आहे हे खरं. पण मीही तुमच्यासारखीच त्याचा तास करून टाकला होता. मुलीला घेऊन बांधावरून निघायचं आणि वाटेत सगळं विचारत सुटायचं. हे कोणतं फूल? पाकळ्या किती? पान कसंय, कडा कशा आहेत? एक दिवस ती थांबली आणि म्हणाली, "आई, तू नुसती चाल ना." सहा वर्षांची होती. त्या दिवसापासून बाहेर असताना मी प्रश्न विचारणं सोडलं. ती विचारते तेव्हा बोलते. बऱ्याचदा मला उत्तर येत नाही.

यातला सगळ्यात चांगला धडा असाच न येणाऱ्या उत्तरातून निघाला. आमच्या विहिरीवर बाभूळ आहे. पाऊस सुरू झाला की तिच्यावर सुगरणींची घरटी लोंबायला लागतात. चार वर्षांपूर्वी मुलीने मोजायला घेतली. जुलैअखेर २३. पण त्यातली ९ अर्धवटच राहिली, वर टोपीसारखी आणि खालून उघडी, मधोमध झुला बांधल्यासारखी एक आडवी वीण. "ह्यांनी मधेच का सोडलं?" मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, बघू या. मग ती रोज सकाळी पोतं पांघरून विहिरीच्या कठड्यापासून दहा पावलांवर बसायची. कठड्याला टेकायचं नाही हा नियम, तो मोडला तर आठवडाभर विहीर बंद. पाच-सहा दिवसांनी धावत आली. विणतो तो पिवळ्या डोक्याचा! भुरकी येते, टोपीत शिरते, आतून ओढून बघते आणि उडून जाते. तिला आवडलं तरच हा पुढची नळी विणतो. नाही आवडलं की दुसरं घरटं सुरू.

म्हणजे विणणारा नर, आणि आपण म्हणतो सुगरण. हे तिने आजीला सांगितलं. आमच्या सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "नाव बाईचं आन् काम बाप्याचं? आमच्यात उलटं हुतं."

वाऱ्याने पडलेलं एक अर्धवट घरटं तिने उसवून पाहिलं, तर आतल्या बाजूला ओल्या मातीचे गोळे चिकटवलेले. ते का, यावर अजून घरात वाद चालू आहे. मुलगा म्हणतो वजनासाठी, वाऱ्याने हलू नये म्हणून. मी सोडवत नाही. तिने त्या घरट्याचं चित्र काढलंय, ते काही सुंदर वगैरे नाही, पण विणीच्या गाठी बरोबर आहेत.

आता दिवसाचं. आमचा ‘अभ्यास’ सकाळी दीड-दोन तासांत संपतो. एक धडा पंधरा-वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. मी एकदाच वाचून दाखवते, मग पुस्तक मिटायचं आणि मुलांनी आपल्या शब्दांत सांगून दाखवायचं. मधे टोकायचं नाही, प्रश्नोत्तरं नाहीत. हे मला पहिल्यांदा फार थातुरमातुर वाटलं होतं. करून बघा. मुलाने एकदा पुरंदरचा वेढा सांगताना मुरारबाजीला आमच्या गावच्या भैरोबाच्या चढावर लढवला, कारण चढ म्हणजे त्याला तोच माहीत. गोष्ट पक्की बसली. त्यानंतर दुपारपर्यंत घरची कामं. शेण काढणं हाही अभ्यासच, असं मी म्हणणार नाही. ते शेण काढणंच आहे, पण त्यांना यायला पाहिजे. ऊन कलल्यावर बाहेर, अंधार पडेपर्यंत. तुमचं सव्वाअकराचं उभं राहणं आधी बंद करा बाई, मार्चमध्ये पाखरंसुद्धा तेव्हा सावलीत बसतात.

कॅलेंडर म्हणाल तर इंग्रजी महिन्यांचा निसर्ग आपल्याकडे बसतच नाही. आम्ही पावसाळ्यापुरती नक्षत्रं धरतो. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. पंचांगात प्रत्येकाचं वाहन दिलेलं असतं, कधी बेडूक, कधी गाढव, कधी म्हैस. मुलगा वाहनावरून पाऊस किती पडेल ते लिहून ठेवतो आणि नक्षत्र संपलं की खरं-खोटं करतो. गेल्या वर्षी गाढवाने आम्हाला धुऊन काढलं आणि बेडूक कोरडा गेला. आजी त्यावर नाराज आहेत.

आणि इथेच गणित येतं. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली कापून पर्जन्यमापक केलाय. तळ वाकडा असतो म्हणून आधी खूण करून तिथपर्यंत पाणी भरायचं आणि खुणेच्या वर पट्टीने मोजायचं. एका रात्री ८६ मिलिमीटर भरलं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर, हे मुलीला कळल्यावर ती गोठ्याचा पत्रा मोजायला गेली. पाच मीटर बाय चार, वीस चौरस मीटर. २० गुणिले ८६, म्हणजे १७२० लिटर. पन्हाळीखाली टाकी हजाराची. "बाबा, रात्रीत ७२० लिटर वाया गेलं!" नवरा नाइट शिफ्ट करून नुकताच आडवा झाला होता. दुसरी टाकी त्याला त्याच महिन्यात घ्यावी लागली.

पण खरं सांगायचं तर पाढे झाडाला लागत नाहीत. दोन वर्षं मी त्या भ्रमात होते की सगळं आपोआप येईल. मुलगी नऊची झाली तरी सात आठे बोटांवर करायची. तेव्हापासून रोज दहा मिनिटं पाढे, मोठ्याने, ओसरीवर फेऱ्या मारत. कंटाळा आला तरी. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, गणिताला मी तीच वापरते आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

वाचनाचंही सांगून ठेवते, म्हणजे घाबरणार नाही. मुलगा पावणेआठ होईपर्यंत वाचत नव्हता. अक्षरं यायची, जुळायची नाहीत. माझ्या माहेरी तर मी पोराचं वाटोळं केलं असंच ठरलं होतं. मग एका जूनमध्ये त्याने बियाण्याच्या पिशवीवरचं ‘इंद्रायणी’ वाचलं, जोडाक्षरासकट, आणि मग सुटलाच. सगळ्यांचं असं होतं असं नाही. नसतं झालं तर मी त्याला तपासायला नेणार होते, तारीखही ठरवली होती. निसर्गावर विश्वास ठेवून तपासणी टाळायची नाही, एवढं नक्की.

कायदा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षा त्यात नाही. घरी शिकवण्याचा उल्लेखच नाही, ना परवानगी ना बंदी. त्यामुळे आपण सगळे या फटीत उभे आहोत, हे समजून उतरा. दहावीसाठी बहुतेक जण एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडे जातात. दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. मधे कागद हवा असेल तर त्यांच्याच मुक्त मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या पायऱ्या आहेत. सासूबाईंना ‘पास’ हा शब्दच ऐकायचा असेल तर तिसरीच्या वेळी तो ऐकवता येईल.

गुरुजी, तुमचं एकटेपणाचं म्हणणं मला लागलं. आमच्याकडे शाळा सुटली की चार वाजल्यापासून गावातली पोरं आमच्याच ओढ्यावर असतात, म्हणून निभावलं. ती नसती तर मी शाळेत घातलं असतं. पण आई पडतं घेते हे काही पटलं नाही. आमच्याकडे येऊन बघा.

एक राहिलंच. बाहेर सोडायचं तर ‘जिथं डोळा जात नाही तिथं हात घालायचा नाही’ हे आधी शिकवा. आमच्याकडे फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत. गवतात गमबूट, अंधारात बॅटरी, वादावादी नाही.

लीड्सकर_मावशी

मी इंग्लंडातून लिहितेय, म्हणून मेपल-रॉबिन गटाची थोडी बाजू घेते.

हे छोटे धडे, वाचलेलं सांगून दाखवणं, निसर्गाची वही, तासन्‌तास बाहेर राहणं, यातलं बरंचसं शार्लट मेसन या बाईंपर्यंत जातं. त्या १८४२ ते १९२३ या काळातल्या, उत्तर इंग्लंडात अँबलसाइडला राहायच्या. तिथे १८९२ मध्ये त्यांनी शिक्षिका तयार करण्याची संस्था काढली. मी ते गाव पाहिलंय. डोंगर, तळी आणि पाऊस. आपला कोकणातला नाही, दिवसभर किरकिरणारा. गंमत ही की त्या बाईंनी पोरांना दाराबाहेरचंच बघायला लावलं. त्यांच्या दाराबाहेर ओक होता म्हणून वहीत ओकची फळं आली. त्यांच्या वह्यांची नक्कल करून वारज्यात मेपल रंगवायला लावणं म्हणजे आजीचा चष्मा घातला की आजीसारखं कीर्तन येईल असं समजणं.

आमच्याकडे १९९६ च्या शिक्षण कायद्यातच शाळेत ‘किंवा अन्य प्रकारे’ शिकवण्याची मुभा आहे, त्यामुळे फटीत उभं राहावं लागत नाही. तरी माझ्या भाचीने दोन वर्षं घरी शिकवून मुलीला शाळेत घातलं. मुलीनेच मागितली. त्यात हार-जीत काही नव्हती.

वारज्याची_आई

सगळ्यांचे खूप आभार. उशिरा लिहितेय, कारण बाहेर होते!

बाइंडिंग केलेलं बाड माळ्यावर गेलं. टवाळखोर, निम्मे पैसे माळ्यावर आहेत, येऊन घेऊन जा. फ्रिजवरचं वेळापत्रक काढलं, आता तिथे पाढ्यांचा कागद आहे. सासूबाईंना कलम ४ वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "कलम सांगू नकोस, बेचा पाढा म्हणून दाखवायला सांग." त्याने म्हटला. अठरा म्हणायला थोडा अडला. त्यांनीच सुचवलं की रोज संध्याकाळी पाढे त्या घेतील. मी लगेच हो म्हटलं, विचार बदलायच्या आत.

गुरुजी, तुमचं मनावर घेतलंय. साडेपाचला आमच्या विंगमधली तीन पोरं आणि हा असे चौघे आता कंपाउंडच्या मागच्या बाजूला असतात. मी लांब कट्ट्यावर भाजी निवडत बसते आणि तोंड बंद ठेवते. फार अवघड आहे हो. काल भांडण झालं, हा रडत आला, मी पडतं घेतलं. तुम्ही म्हणालात तसंच.

तर मुख्य बातमी. मागच्या बाजूला उंबर आहे. पाच वर्षं राहतोय इथे, मला त्याचा फक्त गाड्यांवर पडणारा सडा माहीत होता. पोरांना त्यात ‘हातोडीवाला’ ऐकू यायला लागला. टुक, टुक, टुक, एका लयीत. मला वाटलं कुणाचं तरी फर्निचरचं काम चालू आहे. चौघांनी तीन संध्याकाळी शोधला. हिरवा, चिमणीहून जरासा मोठा, कपाळ आणि गळा लाल. तांबट! मला नाव माहीत होतं, पण बांधावरून ताईंचं आठवून गप्प बसले. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी सांगितलं, तेव्हा पोरांनी आजोबांनाच गटात घेतलं. लेकाने माझ्या मोबाइलवर वेळ लावून एका मिनिटातले टुक मोजले. ११२. दुसऱ्या दिवशी १०९. मग शंभराच्या पुढची मोजणी, जी मी फेब्रुवारीभर मण्यांच्या माळेवर शिकवत होते, ती एका संध्याकाळी झाली.

रात्री बाबाला सांगून दाखवलं, मी मधे बोलले नाही. "बाबा, तो वाळक्या फांदीला भोक पाडतो, पण वरून नाही, खालून. म्हणजे पाऊस आला तरी आत नाही जात." हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. खालून का, ते त्याचं त्यानेच लावलं.

आता अडचण अशी की ती वाळकी फांदी नेमकी पार्किंगवर आलीय आणि सोसायटीने छाटणीसाठी माणूस बोलावलाय, येत्या शनिवारी. पोरांनी चौघांच्या सह्यांचं पत्र केलंय. लेकाचं अक्षर वाकडंतिकडं, पण ‘घरटं’ला अनुस्वार दिलाय. वर तांबटाचं चित्र, बाजूला भोकाचं. पत्राचा फोटो सेक्रेटरींना पाठवला. निळी टिक आलीय, उत्तर नाही. उद्या सकाळी चौघं त्यांच्या दारात जाणार आहेत, आजोबांना घेऊन. छाटणी थांबवायला कुणाला काही चांगला उपाय माहीत असेल तर शनिवारच्या आत सांगा.